सड्यावरची वीज

स्मरणिकेसाठी लेख मागताना संपादक मंडळाने मला अट घातली होती. “शाळेच्या आठवणींचा आमच्याकडे ढीग साठलाय. तू वीज मंडळात हयात काढलीस, तर आपल्या तालुक्यात पवनचक्क्या कशा आल्या ते लिही.” तेव्हा आदरणीय गुरुजन आणि मित्रमैत्रिणींनो, गॅदरिंगच्या गमती आणि पी.टी.च्या सरांच्या छड्या इतरांच्या लेखांत वाचालच. मी लिहितोय तो आपल्या डोक्यावरच्या पठाराचा इतिहास.

१९७८ साली आपण दहावी होऊन बाहेर पडलो, तेव्हा पाटणच्या वरच्या सड्यावर काय होतं? जांभा खडक, पावसाळ्यात गुडघाभर गवत, धनगरवाडे, कुठे नाचणी-वरीचे तुकडे आणि वारा. वांकुसवडे, सडावाघापूर किंवा चाळकेवाडीच्या मुलांना आपण ‘सड्यावरची’ म्हणून चिडवायचो. जुलैत ती मुलं शाळेत यायची ती उलट्या झालेल्या छत्र्या घेऊन. सडावाघापूरला तर कड्यावरून पडणारं पाणी वाऱ्याने उलटं वर येतं. आता तिथे शनिवार-रविवारी पुण्यामुंबईच्या गाड्यांची रांग लागते. आपल्या वेळी ते बघायला मुद्दाम कोणी जात नसे.

पण वाऱ्याच्या आधी पाण्याचं सांगायला हवं. आपला तालुका वीज तयार करायला लागला तो पाण्यापासून. कोयनेचा पहिला टप्पा १९६२ साली सुरू झाला, म्हणजे आपल्यातल्या बहुतेकांच्या जन्माच्या आगेमागे. धरण आपल्याकडे, वीजघर घाट उतरून कोकणात पोफळीला, आणि वीज मुख्यतः मुंबई आणि परिसरातल्या कारखान्यांना. खोऱ्यातली गावं शिवसागरात गेली. माणसं ठाण्यापासून सोलापूरपर्यंत पांगली आणि त्यांच्या पुनर्वसनाचे कागद अजून फिरताहेत. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेचा भूकंप आपल्याला अंधुक आठवतो, आपल्या आईवडिलांना तो मरेपर्यंत स्पष्ट आठवत होता. चार टप्पे मिळून कोयनेची क्षमता आज १,९०० मेगावॅटच्या वर आहे. आपल्या वर्गात कोयनानगरच्या कॉलनीतली मुलं होती. त्यांच्या घरी पंखे होते आणि आपण कंदिलाच्या काचा पुसत होतो.

आता वाऱ्याकडे येऊ. नैर्ऋत्येचा वारा अरबी समुद्रावरून येतो आणि सह्याद्रीच्या भिंतीला धडकून वर चढतो, हे आपल्या भूगोलाच्या सरांनी फळ्यावर बाण काढून शिकवलं होतं. चढताना कड्यावर त्याचा वेग वाढतो. विजेच्या दृष्टीने हा वेगच सगळं काही आहे, कारण वाऱ्याचा वेग दुप्पट झाला तर त्यातली शक्ती आठपट होते. म्हणून सपाटीवरचं गाव आणि समुद्रसपाटीपासून हजारभर मीटर उंचीवरचा सडा यांत जमीन-अस्मानाचा फरक. आणि म्हणूनच वारा ‘आहे’ एवढं माहीत असून भागत नाही, तो कुठे, किती आणि कोणत्या महिन्यात हे मोजावं लागतं.

हे मोजमाप देशात ज्यांनी शिस्तीने उभं केलं त्या अ‍ॅना मणी. १९४८ साली त्या पुण्याच्या हवामान खात्यात रुजू झाल्या आणि हवामानाची उपकरणं भारतातच बनावीत म्हणून राबल्या. १९७६ साली निवृत्त झाल्यावरही त्या थांबल्या नाहीत. भारतातल्या वाऱ्याची आकडेवारी त्यांनी १९८३ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. पुढे देशात जागोजाग मनोरे उभारून वारा मोजायचं जे काम झालं, त्याचा पाया त्यांचा. कंपन्यांची नावं सगळ्यांना पाठ असतात. या बाईंचं नाव माझ्याबरोबरच्या अनेक इंजिनिअरांनाही ठाऊक नव्हतं, म्हणून इथे मुद्दाम लिहितोय.

तेलाच्या भावाचे दोन तडाखे बसल्यावर केंद्राने १९८२ साली अपारंपरिक ऊर्जेचं वेगळं खातं काढलं. १९८६ साली विजेच्या जाळ्याला जोडलेल्या पहिल्या प्रात्यक्षिक पवनचक्क्या किनाऱ्यावर उभ्या राहिल्या. आपल्या राज्यात रत्नागिरीला, गुजरातेत ओख्याला, तमिळनाडूत तुतिकोरिनला. डेन्मार्कची यंत्रं, एकेक फक्त ५५ किलोवॅटचं. त्या डेन्मार्ककडे मी पुढे परत येणार आहे. दरम्यान तमिळनाडूने, विशेषतः कन्याकुमारीजवळच्या मुप्पंदलच्या खिंडीने, आघाडी घेतली. नव्वदच्या दशकात वस्त्रोद्योगातले कारखानदार तिथे स्वतःपुरती वीज तयार करू लागले. गिरणीच्या विजेचं बिल परवडेना म्हणून दोन पवनचक्क्या विकत घेणारे सुरतचे कापड व्यावसायिक तुळशी तांती यांनी तर १९९५ साली सुझलॉन ही कंपनीच काढली आणि तिचं मुख्यालय पुण्यात आणलं.

आपल्या सड्याची पाळी आली १९९८ नंतर. राज्य सरकारने त्या वर्षी पवनऊर्जेचं धोरण जाहीर केलं आणि गुंतवणूकदाराला विक्रीकरात सवलत दिली. केंद्राची सवलत आधीपासून होतीच : पवनचक्कीची पूर्ण किंमत पहिल्याच वर्षी घसारा म्हणून नफ्यातून वजा करता येई. या एका कलमाने आपल्या तालुक्याचं पुढचं सगळं ठरवलं, म्हणून ते नीट समजून घ्या. समजा, मुंबईतल्या एखाद्या कंपनीला वर्षाला भरपूर नफा झाला आहे. तिने काही कोटींची पवनचक्की घेतली तर तेवढ्या रकमेवरचा आयकर त्या वर्षी वाचला. वर विक्रीकराचा फायदा. वीज किती तयार झाली, हा प्रश्न नंतरचा. यंत्र वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापरलं तर निम्माच घसारा मिळे, त्यामुळे सप्टेंबरअखेर आणि मार्चअखेर यंत्रं चालू करायची झुंबड उडायची. वारा जूनमध्ये सुरू होतो, पण सड्यावरचं वेळापत्रक ठरायचं आयकर कायद्यावर. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात रात्री अकरा वाजता जोडणीची परवानगी मागायला आलेली माणसं मी पाहिली आहेत, आणि वारा तर तेव्हा पडलेला असायचा!

त्या तीन-चार वर्षांत वांकुसवड्याचा सडा ओळखू येईनासा झाला. ३५० किलोवॅटची यंत्रं रांगेने उभी राहिली. पाती घेऊन येणारे ट्रेलर घाटातल्या वळणांवर तासन् तास अडकायचे आणि अख्खं गाव बघायला जमायचं. जिथे बैलगाडी जात नव्हती तिथे रस्ता झाला, हे खरं. सड्यावरची गरोदर बाई डोलीतून उतरवायची वेळ गेली, तीही याच रस्त्यांमुळे. २००२ च्या मार्चअखेर राज्यात सुमारे ४०० मेगावॅटच्या पवनचक्क्या झाल्या होत्या आणि त्यांतल्या पुष्कळशा आपल्या जिल्ह्यातल्या. एकेकाळी आशियातल्या मोठ्या पवनक्षेत्रांत वांकुसवड्याचं नाव घेतलं जाई.

आणि जमिनी? सड्यावरची जमीन म्हणजे सातबारावर ‘पड’, ‘पोटखराबा’ किंवा फार तर वरकस. एकेका उताऱ्यावर वीस-पंचवीस नावं, कारण वाटण्या कोणी केल्याच नव्हत्या. खडकाची वाटणी कोण करत बसणार? त्यांतली निम्मी माणसं मुंबईत, गिरणीत नाहीतर गोदीत माथाडी. १९८२ च्या संपाने गिरण्या गेल्या होत्या, हातात पैसा नव्हता. एजंट सह्या घ्यायला थेट लालबाग-परळच्या चाळींत जायचे. आमच्या चुलत्यांनी सड्यावरचा आपला हिस्सा विकला, तेव्हा एक बैलजोडी आणि मुलीचं लग्न निघालं एवढी रक्कम आली. घरात कोणाला वाईट वाटलं नाही. दगडाला भाव आला म्हणून आजीने सत्यनारायण घातला.

तो भाव कमी होता की जास्त, हे नुसतं हळहळून कळत नाही, गणित मांडावं लागतं. २००३ च्या नोव्हेंबरमध्ये महाराष्ट्र वीज नियामक आयोगाने नव्या पवनचक्क्यांच्या विजेला पहिल्या वर्षी युनिटला साडेतीन रुपये आणि पुढे दरवर्षी १५ पैसे वाढ, असा १३ वर्षांचा दर ठरवून दिला. १,२५० किलोवॅटचं यंत्र आपल्याकडच्या वाऱ्यावर वर्षभराच्या सरासरीने क्षमतेच्या पाचव्या हिश्शाने चाललं असं धरा. वर्षाला साधारण २२ लाख युनिट होतात, म्हणजे पहिल्या वर्षी पाऊण कोटीच्या वर रुपये. यंत्राचा खर्च मोठा होता, मेगावॅटला चार-पाच कोटी, कर्ज आणि देखभाल वेगळी, तेव्हा हे सगळं लूट होतं असं मी म्हणणार नाही. पण वारा तिथेच येतो, दुसऱ्या कुठल्या सड्यावर तो मिळत नाही, या गोष्टीची किंमत खरेदीखतात कुठेही धरलेली नव्हती. पोटखराब्याचा भाव पोटखराब्याला मिळाला.

इथे डेन्मार्क आठवतो. ज्या देशातून रत्नागिरीची पहिली यंत्रं आली, तिथे ती यंत्रं गावकऱ्यांच्या भागीदारीतून वाढली. शेजारीपाजारी मिळून पवनचक्की घ्यायचे आणि वीज विकून पैसे वाटून घ्यायचे. कोपनहेगनच्या समोर समुद्रात मिडलग्रुंडेनला २००० च्या सुमाराला २० यंत्रं उभी राहिली, त्यांतली निम्मी आठ हजारांवर सभासद असलेल्या सहकारी संस्थेची आहेत. हे वाचलं तेव्हा मी चक्रावलो. सहकार आणि सातारा जिल्हा! ज्या जिल्ह्यात उसाच्या गाडीमागे साखर कारखान्याचा शेअर असतो, त्या जिल्ह्यात पवनचक्कीचा एक शेअर कोणाच्या घरात का नाही? आपली माणसं मागासलेली होती म्हणून, हे उत्तर मला मान्य नाही. उत्तर त्या घसाऱ्याच्या कलमात आहे. सरकारची मदत करसवलतीच्या रूपाने आली. शेतीच्या उत्पन्नाला आयकर नाही, मग शेतकऱ्याला करसवलतीचा उपयोग काय? ज्याला मोठा कर भरायचा आहे त्यालाच ती मदत मिळणार. म्हणजे पवनचक्कीचा मालक सड्यावरचा नसणार, हे सड्यावर पहिला मोजणीदार येण्याआधीच ठरलेलं होतं. कोणी कटकारस्थान केलं नाही. कलम लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर आपण नव्हतो, एवढंच.

२००२ नंतर दोन वर्षं काम जवळपास थांबलं. पहिल्या वर्षीचा घसारा शंभर टक्क्यांवरून ८० वर आला होता आणि विजेचा दर काय मिळणार हे स्पष्ट नव्हतं. नियामक आयोगाच्या आदेशाने ते सुटलं आणि मग लाट आली. सांगलीकडे ढालगाव आणि जत, धुळ्यात साक्रीजवळ ब्राह्मणवेल. २००७ च्या मार्चअखेर राज्य चौदाशे मेगावॅटच्या पुढे गेलं.

नेमक्या त्याच वर्षांत खेड्यांत भारनियमन होतं. दिवसाला दहा-बारा तास वीज नसे. मी तेव्हा उपकेंद्रावर होतो. रात्री फोन यायचे : “साहेब, वर पंखा गरागरा फिरतोय आणि खाली आमच्या घरात अंधार, हे कसं?” मला तांत्रिक उत्तर येत होतं. पवनचक्क्यांची वीज ३३ हजार व्होल्टच्या वेगळ्या वाहिनीने मोठ्या उपकेंद्रात जाते आणि राज्याच्या जाळ्यात मिसळते. गावाला वीज येते ११ हजारांच्या दुसऱ्या फीडरवरून, आणि त्या फीडरवर किती गळती, किती थकबाकी, त्यावर भारनियमनाचे तास ठरायचे. जुन्या बनावटीची ती यंत्रं तर चालू राहायला स्वतःच जाळ्यातून चुंबकीय ताकद ओढून घेत, त्याने आसपासचा दाब कधीकधी पडायचा. हे सगळं मी समजावून सांगायचो. पलीकडून “बरं” म्हणून फोन ठेवला जायचा. त्या “बरं”वर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

त्यातूनच ढगांची गोष्ट निघाली. २००३ च्या आगेमागे माण-खटावला भीषण दुष्काळ पडला आणि जिल्ह्यात बोललं जाऊ लागलं की पवनचक्क्या ढग पळवून लावतात. मोर्चे निघाले, पुढाऱ्यांची भाषणं झाली. शास्त्र असं आहे की पावसाळी ढग कित्येक किलोमीटर जाडीचे असतात आणि त्यांतलं बाष्प शेकडो कोसांवरून येतं. जमिनीलगतच्या शंभरेक मीटरच्या थरातला वारा अडवणारं पातं त्यांना काय करणार? शिवाय माण-खटाव पर्जन्यछायेत आहे आणि दुष्काळ तिथे पवनचक्क्यांच्या कितीतरी पिढ्या आधीपासून आहे. पण सुशिक्षित लोक तेव्हा ‘अडाणी समजूत’ म्हणून हसले ते मला आवडलं नव्हतं. आपल्या डोंगरावर शेकडो यंत्रं येतात आणि ती काय करतात हे सांगायला एकही माणूस गावात येत नाही, तेव्हा लोक आपापलं उत्तर शोधतात.

वीजवाला म्हणून एक गोष्ट या पवनचक्क्यांच्या बाजूने सांगायला हवी. आपल्याकडचं पवनविजेचं मोठं उत्पादन जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत होतं. तेव्हा शेतीपंप बंद असतात, मग त्या विजेचा काय उपयोग, असं विचारलं जातं. उपयोग कोयनेला होतो. कृष्णा पाणीवाटप लवादाने पश्चिमेकडे वीजनिर्मितीसाठी वर्षाला ६७.५ टीएमसी पाण्याची मर्यादा घातली आहे. पावसाळ्यात वाऱ्याची वीज मिळाली की कोयनेचं तेवढं पाणी राखता येतं आणि मार्च-एप्रिलमध्ये संध्याकाळी मागणी चढते तेव्हा वापरता येतं. सड्यावरचा वारा आणि खोऱ्यातलं पाणी एकमेकांना असे उपयोगी पडतात. हे माझ्या नोकरीतलं सगळ्यात आवडतं सत्य आहे.

सड्यावरच्या जिवांवर काय परिणाम झाला, हे बरंच उशिरा तपासलं गेलं. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या मारिया ठाकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चाळकेवाडीच्या पठारावर अभ्यास केला, तो २०१८ साली प्रसिद्ध झाला. पवनचक्क्या असलेल्या भागात शिकारी पक्षी जवळपास चौपटीने कमी आढळले आणि त्यांचं भक्ष्य असलेले सरडे जास्त. ते सरडे धीट झाले होते आणि वाळलेही होते, कारण संख्या वाढली की खाणं पुरत नाही. गळ्याला निळा-नारिंगी पंखा असलेला हा सरडा आपण लहानपणी दगड मारून पळवायचो. २०१६ साली त्याच्यासाठी वेगळी प्रजाती ठरवली गेली आणि शास्त्रज्ञांनी तिला नाव दिलं ‘सरडा’. आपला मराठी शब्द जगाच्या प्राणिशास्त्रात गेला, तोही सड्यावरून!

२०१७ नंतर सगळंच बदललं. ठरवून दिलेला दर गेला, लिलाव आले. पहिल्याच लिलावात भाव ३ रुपये ४६ पैशांवर आला आणि वर्ष संपायच्या आत अडीच रुपयांच्याही खाली. इतक्या कमी भावात परवडायचं तर गुजरात-तमिळनाडूचा वारा हवा, त्यामुळे नवं काम तिकडे गेलं. २०२५ साली देशाची पवनक्षमता ५०,००० मेगावॅटवर पोचली, त्यात गुजरात पहिला आणि तमिळनाडू दुसरा. महाराष्ट्र पाच हजारांच्या थोडा पुढे. आपल्या सड्यावरच्या जुन्या यंत्रांचे करार संपले, काहींची पाती महिनोन् महिने थांबलेली दिसतात.

पण हे प्रकरण संपलेलं नाही, आणि संपादकांनी नेमका हा विषय दिला याचा मला म्हणूनच आनंद झाला. पवनचक्कीचं आयुष्य वीस-पंचवीस वर्षांचं धरतात. वांकुसवड्याची पहिली फळी त्या वयाला पोचली आहे. जुनी यंत्रं काढून त्या जागी मोठी बसवावीत असं केंद्राचं धोरण २०१६ साली आलं आणि २०२३ च्या डिसेंबरात ते सुधारून पुन्हा जाहीर झालं. तीन मेगावॅटचं एक यंत्र जुन्या आठ-नऊ यंत्रांचं काम करतं. त्याला नवा पाया लागतो, यंत्रांमधलं अंतर वाढतं, रस्ते रुंद करावे लागतात. म्हणजे जुन्या खरेदीखतांतल्या जागा जशाच्या तशा पुरणार नाहीत आणि कोणीतरी पुन्हा सातबारा घेऊन सह्या मागायला येईल. या वेळी सह्या आपल्या मुलांच्या असतील. त्यांना विचारता येईल की जमीन विकतच हवी की भाडेपट्ट्यानेही चालेल, भाडं ठरावीक की विजेच्या उत्पन्नातला हिस्सा, तीस वर्षांनी यंत्र काढून पाया उखडून कोण देणार, आणि ग्रामपंचायतीच्या कराचं काय. मागच्या वेळी कराचा तो वाद वर्षानुवर्षं चालला होता.

हे विचारायचं तर मागच्या वेळी नेमकं काय लिहून दिलं ते हाताशी हवं. माझ्याकडे आमच्या घरचं खरेदीखत आणि शेजारच्या दोन वाड्यांचे फेरफार आहेत. सड्यावरच्या आणि सड्याखालच्या मित्रांनो, तुमच्या घरी १९९८ ते २००८ या काळातली खरेदीखतं, भाडेपट्टे, मोजणीचे नकाशे किंवा नुसत्या नोटिसा असतील तर त्यांची झेरॉक्स मेळाव्याला घेऊन या. मुंबईत असणाऱ्यांनी चाळीतल्या ट्रंका उघडून बघा, कितीतरी सह्या तिथेच झाल्या होत्या. दुसऱ्या दिवशी नाश्त्यानंतर मी आपल्या जुन्या दहावी ‘अ’च्या वर्गात बसलेला असेन. शाळेच्या ऑफिसातून एक टेबल आणि फायली बांधायला दोरा मागून घेतलाय.